घुमट वाजवणाऱ्या रोबोला बोटे किती द्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या चार अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना येत्या चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, माणसासारखा दिसणारा रोबो बनवायचा आहे. आरतीला त्याने पेटीही वाजवावी आणि घुमट हे गोव्याचे मातीचे, कातडे लावलेले तालवाद्यही. हातात पाच महिने आहेत आणि खर्चाला ६०,००० रुपये. त्यांनी विचारले आहे की पाच बोटांचा तयार हात विकत घ्यावा की सोलेनॉइड (वीज दिली की दांडा झटक्याने हलवणारी तारेची गुंडाळी) बसवावेत, आणि सर्वो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी गिअरची मोटार) १० किलोचा पुरेल की २० किलोचा लागेल.

सर्वो की सोलेनॉइड हा प्रश्न खरे तर तिसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी म्हणजे या वाद्यातून तुम्हाला नेमके किती वेगवेगळे आवाज काढायचे आहेत, आणि दुसरी म्हणजे प्रत्येक आवाजाला हाताची कोणती हालचाल लागते. या दोन गोष्टी कागदावर आल्या की मोटारी जवळजवळ आपोआप ठरतात. उलट दिशेने गेलात तर हात सुंदर होतो, पण घुमटातून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो, आणि तोवर पैसे संपलेले असतात.

आधी पेटीचे सांगतो. ती या वर्षी सोडून द्या. पेटी आणि घुमट एकाच रोबोकडून वाजवून घेणे म्हणजे दोन वेगळी यंत्रे एका अंगरख्यात कोंबणे आहे. पेटीला अचूक जागा लागते. बोट पट्टीवरून पट्टीवर सरकले पाहिजे, मिलिमीटरभर इकडेतिकडे झाले तरी शेजारची पट्टी दबते, आणि भात्याचा दाब सारखा राहिला नाही तर स्वर हलतो. घुमटाला जागेची इतकी काटेकोर गरज नाही, त्याला वेग आणि मोकळा उसळता आघात हवा. जपानच्या वासेदा विद्यापीठाने १९८४ साली वाबोट-२ हा वादक रोबो पूर्ण केला. तो कॅमेऱ्याने स्वरलिपी वाचायचा आणि दोन हात व पाय वापरून इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवायचा. नुसत्या पट्ट्या दाबण्यासाठी एका नामांकित प्रयोगशाळेला इतके करावे लागले, आणि तिथे भाता नव्हता. त्या रोबोकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्या, तो बसून वाजवायचा. आपल्याकडे भजनाला, आरतीला मांडी घालून बसणे हेच स्वाभाविक आहे. बसलेल्या रोबोला चालावे लागत नाही, तोल सांभाळावा लागत नाही, आणि मोटारींचा मोठा हिस्सा तिथेच वाचतो.

आता घुमटाकडे. वाद्य हातात घेऊन पाहिलेत तर दिसेल की उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डावा तळवा मागच्या अरुंद तोंडाशी उघडझाप करतो. गावातल्या चांगल्या वादकाला विनंती करा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने त्यांचे दोन्ही हात चित्रित करा. एका चित्राला साधारण ४.२ मिलिसेकंद पडतात, एवढी बारकाई आपल्या कामाला पुरते. आरतीची एक चाल आणि सुंवारीचा (घुमटासोबतच्या सामूहिक तालवादनाचा) एक तुकडा पुरे. मग प्रत्येक आघातासमोर पाच गोष्टी लिहून काढा: मात्रेतली जागा, कोणते बोट किंवा बोटांचा गट, किती जोर, आघाताच्या क्षणी तळवा तोंडापासून किती दूर, आणि नाद संपेपर्यंत तो कुठे गेला. गावागावात वाजवण्याची ढब बदलते, त्यामुळे माझ्याकडून तयार तक्ता घेण्यापेक्षा तुमच्या वाड्यावरचा तक्ता तुम्हीच करा. बहुतेक चालींत उजव्या हाताचे वेगळे आवाज तीन ते पाच निघतील: काठाजवळचा टणक, मधला भरदार, दाबून थांबवलेला, आणि यांचेच हलके-जोरकस प्रकार. एवढ्याला पाच स्वतंत्र बोटे लागत नाहीत, दोन गट पुरतात.

उजव्या हाताचे गणित करून दाखवतो, कारण नेमकी इथेच चूक होते. बोट म्हणजे २० ग्रॅमची, ८० मिलिमीटर लांबीची दांडी धरा. सांध्याभोवती तिचे जडत्व साधारण ०.००००४३ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. कातड्यावर पडताना टोकाचा वेग २ मीटर प्रतिसेकंद हवा आणि बोट २५ अंश वर उचललेले आहे असे धरले, तर सांध्याचा वेग २५ रेडियन प्रतिसेकंद लागतो, खाली यायला ३५ मिलिसेकंद लागतात आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो फक्त ०.०३ न्यूटन-मीटर. म्हणजे सर्वोच्या भाषेत ०.३ किलो-सेंटिमीटर. तुम्ही विचारता आहात १० किलो की २० किलो. जोर तुमच्याकडे तिसाव्या हिश्श्यानेही भागेल, पण वेग कमी पडतो. ६० अंशांना ०.१५ सेकंद घेणारा नेहमीचा सर्वो फार तर ७ रेडियन प्रतिसेकंद फिरतो. त्या बोटाचे टोक कातड्यावर सुमारे ०.५६ मीटर प्रतिसेकंदाने टेकेल, आणि त्याला आघात म्हणता येणार नाही. २० किलोचा सर्वो सहसा त्याहून संथच असतो.

लयीच्या बाजूनेही तपासून घ्या. आरती तापली की मिनिटाला १६० मात्रा आणि मात्रेला चार आघात धरा. दोन आघातांत ९४ मिलिसेकंद उरतात. एकाच बोटाने वाजवायचे तर ३५ मिलिसेकंद खाली आणि ५० वर, म्हणजे जीव मुठीत धरून कसेबसे जमेल. दोन गट आलटूनपालटून वापरले तर प्रत्येकाला १८८ मिलिसेकंद मिळतात आणि हात निवांत चालतो. हेच काम अख्ख्या कोपरापासून करायला गेलात तर? ६०० ग्रॅमची, ३०० मिलिमीटरची भुजा धरली तर जडत्व ०.०१८ येते, म्हणजे बोटाच्या चारशे पटींहून जास्त. म्हणून माझा नियम असा की खांदा आणि कोपर हे फक्त हात जागेवर आणण्यासाठी आणि डोळ्यांना दिसण्यासाठी. आवाज काढायचा तो मनगटाच्या पुढच्या हलक्या भागाने.

यासाठी सर्वात चांगली निवड म्हणजे कॅमेऱ्याच्या गिंबलमध्ये असतात तशा लहान ब्रशलेस मोटारी, एन्कोडरसकट (कोन मोजणाऱ्या भागासकट), आणि दातेरी पट्ट्याने दोन किंवा तीनास एक एवढेच रिडक्शन, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणे. क्षणिक टॉर्क ०.१ न्यूटन-मीटर मिळाला तरी दोन बोटांचा गट आरामात हलतो. कमी रिडक्शनचा आग्रह का, ते समजून घ्या. गिअरमधून पाहिले तर मोटारीच्या आतल्या फिरत्या भागाचे जडत्व रिडक्शनच्या वर्गाने वाढते. सर्वोत २००:१ गिअर असला तर ४०,००० पट. असले बोट कातड्यावर आपटते आणि तिथेच चिकटून राहते, कारण कातड्याची उसळी त्याला मागे ढकलू शकत नाही. कातड्याशी स्पर्श जेमतेम काही मिलिसेकंद टिकायला हवा. तो लांबला की नाद त्याच जागी मरतो. माणूस हे नकळत करतो, त्याचे बोट आघाताच्या क्षणी सैल असते. मोटारीलाही तेच शिकवा. आघाताच्या अंदाजे ४ मिलिसेकंद आधी विद्युतप्रवाह शून्यावर आणा, बोटाला स्वतःच्या गतीने पडू द्या, उसळू द्या, आणि वर येताना पुन्हा ताब्यात घ्या. दाबलेल्या बोलासाठी मात्र उलट, प्रवाह चालू ठेवून बोट ३० ते ४० मिलिसेकंद कातड्यावर धरून ठेवायचे. मोकळा आणि दाबलेला हे दोन आवाज त्याच एका बोटातून केवळ या फरकाने निघतात, त्यासाठी वेगळा भाग लागत नाही.

सोलेनॉइड स्वस्त आहेत आणि वेगवानही, म्हणून त्यांना सरळ नाकारत नाही. शामेळाच्या (घुमटाच्या साथीला काठ्यांनी वाजवायच्या वाद्याच्या) दोन काठ्यांसाठी ते चालतील. घुमटासाठी त्यांच्यात तीन अडचणी आहेत. एक, दांडा टोकाला पोचताना जोर एकदम वाढतो, त्यामुळे हलका आणि जोरकस यांमधली पायरी राखणे कठीण जाते. दोन, दांडा ठोकल्याचा स्वतःचा टकटकाट होतो. आत २ मिलिमीटरचा नमदा लावला तर कमी होतो, जात नाही. तीन, उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. गुंडाळी ५० अंशांनी तापली की रोध २० टक्क्यांनी वाढतो, प्रवाह सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो, आणि आघाताचा जोर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घटतो. चवथीला एका आरतीवर कोणी थांबत नाही. पहिली आरती खणखणीत आणि पाचवी मलूल असे झाले तर कारण हेच असते. तरीही वापरणार असाल तर डायोडसोबत २४ ते ३६ व्होल्टचा झेनर मालिकेत जोडा. नुसत्या डायोडने प्रवाह हळू ओसरतो आणि दांडा मागे यायला उशीर करतो.

बोटाच्या टोकाबद्दल एकच सांगतो. नुसते प्लास्टिक टकटकते आणि नुसते रबर बुजलेला आवाज देते. आत कडक गाभा आणि बाहेर ३ ते ४ मिलिमीटर मऊ सिलिकॉन, शोअर ए या कडकपणाच्या मापावर २० ते ३०, हे माणसाच्या बोटाच्या जवळ जाते. दोन जाडीची टोके करून ठेवा आणि कानाने ठरवा.

पाच बोटांचा तयार हात घेऊ नका, असे मी स्पष्टच म्हणेन. तसे हात वस्तू पकडण्यासाठी बनवलेले असतात. बोटे दोऱ्यांनी ओढली जातात, दोऱ्यांत ढिलाई असते, आणि ती ढिलाई दर आघाताला वेळेची चूक होऊन बाहेर पडते. माणसासारखे दिसणे तुम्हाला महत्त्वाचे आहे, आणि ते रास्त आहे. मग तर्जनी आणि मध्यमा एका मोटारीवर, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या मोटारीवर, आणि अंगठा नुसता आकारापुरता. बघणाऱ्याला पाच बोटे दिसतात, मोटारी दोनच असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातला हेली नावाचा ढोलवादक रोबो पाहा. त्याच्या एका हाताला सोलेनॉइड आहे, दुसऱ्याला सरळ रेषेत सरकणारी लिनिअर मोटार. एक हात वेगासाठी, दुसरा मोठ्या, लोकांना दिसणाऱ्या आघातासाठी. दोन्ही हात सारखे असलेच पाहिजेत असे त्यांनी मानले नाही, तुम्हीही मानू नका.

इथवरचे एकदा जुळवून घेऊ: पेटी नाही, रोबो मांडी घालून बसलेला, उजव्या हाताला दोन वेगवान गट, खांदा-कोपर संथ. आता डाव्या तळव्याकडे वळू. घुमटाचा जीव तिथे आहे, आणि बहुतेक जण त्याला सर्वात शेवटी, उरलेल्या पैशांत उरकतात.

मातीचे पोकळ पोट आणि मागचे अरुंद तोंड मिळून बाटलीत फुंकर मारल्यासारखा हवेचा अनुनाद तयार होतो. त्याचा स्वर तोंडाच्या मोकळ्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो-उतरतो. तळवा जवळ आणला की क्षेत्रफळ घटते आणि स्वर खाली ओघळतो. कागदावर क्षेत्रफळ चौथाई झाले तर स्वर एक सप्तक उतरायला हवा. प्रत्यक्षात कातडे आणि आतली हवा एकमेकांना बांधलेली असल्यामुळे आकडा वेगळा येतो, म्हणून तो प्रत्येक घुमटावर मोजायचा. तोंड पूर्ण बंद झाले की गोष्टच बदलते. बाटलीचा अनुनाद नाहीसा होतो आणि कोंडलेली हवा कातड्यामागे स्प्रिंगसारखी बसते. म्हणून ‘जवळजवळ बंद’ आणि ‘बंद’ हे दोन वेगळे आवाज आहेत. यंत्रात त्यांना वेगळ्या जागा द्याव्या लागतात.

तळवा किती दूर जायला हवा, याचा सोपा अंदाज आहे. तोंडाचा व्यास ‘व’ आणि तळव्याचे अंतर ‘अ’ धरा. हवा ज्या गोल फटीतून बाहेर पडते तिचे क्षेत्रफळ तोंडाच्या परिघाला अंतराने गुणून मिळते, आणि ते तोंडाच्या क्षेत्रफळाएवढे होते तेव्हा अंतर व्यासाच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते. ६० मिलिमीटर व्यासाच्या तोंडाला १५ मिलिमीटर. त्याच्या दुपटीपलीकडे, म्हणजे ३० मिलिमीटरच्या पुढे, तळवा कितीही लांब नेला तरी आवाजात फारसा फरक पडत नाही. सगळी जादू शेवटच्या १५ मिलिमीटरमध्ये आणि त्यातही शेवटच्या ५ मध्ये आहे. म्हणून अंतराच्या पायऱ्या सारख्या ठेवू नका. ०, १, २, ३, ५, ८, १५, ३० अशा घ्या, प्रत्येकीला दहा आघात करा, मुख्य स्वर मोजा आणि तक्त्यात भरा.

आणि इथे मात्र सर्वो योग्य आहे. ४० मिलिमीटरच्या भुजेवर २५ मिलिमीटर सरकायला साधारण ३६ अंश लागतात, म्हणजे त्याच ०.१५ सेकंदवाल्या सर्वोला ९० मिलिसेकंद. तळव्याची हालचाल आघाताच्या पुढेमागे पसरलेली असते, त्यामुळे हा वेग चालतो. बोटासाठी जो सर्वो निकामी, तोच तळव्यासाठी पुरेसा.

तळवा घट्ट बसत नाही ही पुढची तक्रार येईल. कुंभाराच्या चाकावर झालेले तोंड कधीच अगदी गोल किंवा सपाट नसते, आणि एका बाजूला १ मिलिमीटर फट राहिली तरी ‘बंद’ आवाज निघत नाही. उपाय यांत्रिक आहे. मनगटात सर्व बाजूंना ८ ते १० अंश कलणारा बॉल जॉइंट ठेवा, त्याला मोटार नको, मध्यावर परत आणणारी हलकी रबरी चकती पुरे. तळव्यावर १० मिलिमीटरचा मऊ फोम आणि त्यावर पातळ सिलिकॉनची कातडी. दाब ३ ते ५ न्यूटनपुरता. याहून जास्त जोराने सर्वो रोज शेकडो वेळा आपटत राहिला तर मातीची कड उडते. सर्वोच्या भुजेत एक स्प्रिंग घाला म्हणजे आज्ञा थोडी जास्त गेली तरी दाब मर्यादेत राहतो.

घुमट कसे धरायचे हेही याच्याशी जोडलेले आहे. शिकंज्यात आवळू नका. आवळलेल्या मातीचा नाद बुजतो आणि ती तडकते. वादक दोरीने किंवा कापडाने गळ्यात अडकवतात, तसेच रोबोच्या खांद्यावरून पट्ट्याने लटकवा आणि खाली तीन जागी नमद्याचे टेकू द्या. लटकलेले घुमट प्रत्येक आघाताला किंचित सरकते. कातड्यावर पडण्याची जागा १० मिलिमीटरने बदलली तर आवाज ओळखू येण्याइतका बदलतो, म्हणून टेकूंची जागा पक्की करून घ्या आणि दर आरतीआधी खडूची खूण तपासा.

कातडे बकऱ्याचेच घ्या. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि तसे कातडे बाळगणे हाही गुन्हा ठरतो, तेव्हा कोणी जुने ‘अस्सल’ घुमट देऊ केले तरी प्रकल्पासाठी ते घेऊ नका. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले आहे. कॉलेजात सादर करताना या दोन्ही गोष्टी तुमच्या टिपणात असाव्यात. डिचोलीकडे कुंभारकाम चालते. शक्य असेल तर एकाच कुंभाराच्या हातची, शक्य तितक्या सारख्या मापाची दोन मडकी घ्या, म्हणजे एक फुटले तर दुसऱ्यासाठी टेकू नव्याने करावे लागणार नाहीत. मोजणीचा तक्ता मात्र प्रत्येकाचा वेगळा ठेवावाच लागेल.

आता वेळ. आज्ञा गेल्यापासून आवाज येईपर्यंत यंत्राला ठरावीक उशीर होतो, आणि तो जोरानुसार बदलतो. हलक्या आघाताला जास्त, जोरकस आघाताला कमी. हे दुरुस्त केले नाही तर रोबो हलके बोल मागे टाकतो आणि ऐकणाऱ्याला लय लंगडी वाटते, कारण मात्र सापडत नाही. घुमटाच्या कडेला मेणाने पिएझोची (कंपनाचा विजेत संकेत करणारी) चकती चिकटवा, प्रत्येक गटाचे जोराच्या आठ पायऱ्यांवर वीस-वीस आघात घ्या, सरासरी उशीर आणि त्यातला चढउतार लिहा. मग संपूर्ण वादन १०० मिलिसेकंद मागे सरकवा आणि प्रत्येक आज्ञा त्या आघाताच्या उशिराएवढी आधी सोडा. ठरावीक उशीर कितीही असो, तो असा वजा होतो. चढउतार वजा होत नाही, म्हणून तो ५ मिलिसेकंदांच्या आत आणण्यावर मेहनत घ्या. तो जास्त असेल तर आधी पट्ट्याचा ताण आणि बेअरिंगची ढिलाई पाहा, प्रोग्रॅमवर शंका नंतर. आघाताच्या आज्ञा ब्लूटूथ किंवा वायफायवरून एकेक करून पाठवू नका. लॅपटॉपने दोन-चार आवर्तने पुढची पाठवावीत आणि आघाताचा क्षण मायक्रोकंट्रोलरच्या हार्डवेअर टायमरने ठरवावा.

वादन ‘माणसासारखे’ वाटावे म्हणून वेळेत यादृच्छिक गडबड मिसळण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो घेऊ नका. वादकाचे मागेपुढे होणे यादृच्छिक नसते. ठरावीक जागी तो ठरावीक इतका पुढे जातो. तुमच्या चित्रीकरणातून ते फरक मिळालेले आहेतच, तेच वापरा.

आरतीत खरी कसोटी वेगळी असते. गाणारी माणसे लय वाढवत नेतात, आणि रोबोने त्यांच्यामागे जायला हवे. खोलीभर आवाज असताना ताल ओळखायचा कसा? कांसाळ्याकडे, म्हणजे झांजेकडे, पाहा. त्याचा आवाज तीक्ष्ण आणि उंच असतो. कांसाळे वाजवणाऱ्याच्या दिशेने एक दिशादर्शी मायक्रोफोन ठेवा आणि ५ किलोहर्ट्झच्या खालचे सगळे गाळून टाका. गायन बरेचसे जाते, रोबोचे स्वतःचे घुमटही जाते, कांसाळे उरते. मायक्रोफोन दूर ठेवू नका, आवाजाला मीटरला ३ मिलिसेकंद लागतात. पुढच्या मात्रेचा अंदाज बांधून वाजवायचे आणि प्रत्येक मात्रेला जितकी चूक सापडेल तिचा तिसरा हिस्सा जागेत आणि साधारण दहावा हिस्सा लयीत दुरुस्त करायचा, असे मी सुरुवातीला ठेवतो. पूर्ण चूक एकदम दुरुस्त केली तर रोबो प्रत्येक चुकार ठोक्यामागे उडी मारतो आणि मग माणसे त्याच्यामुळे चुकू लागतात. अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त चूक दिसली तर ती ऐकलीच नाही असे समजा.

याला जोडूनच, मानेला एक मोटार नक्की द्या. जॉर्जिया टेकचाच शिमोन मरिंबा वाजवतो चार भुजांनी, पण त्याला डोके दिले आहे आणि ते तालात हलते. सोबतच्या माणसांना तो पुढे काय करणार हे त्यातून कळते. तुमच्या रोबोने सुंवारी सुरू करण्याआधी एक मात्रा मान उचलली आणि समेला खाली आणली, तर शामेळवाला आणि कांसाळेवाला न सांगता त्याच्याबरोबर येतील. नुसत्या शोभेच्या डोळ्यांपेक्षा हा खर्च कितीतरी कामाचा आहे.

विजेचे थोडक्यात. मोटारींना २४ व्होल्ट, १० अँपिअरचा वेगळा पॉवर सप्लाय, मायक्रोकंट्रोलरला स्वतंत्र, आणि दोन्हींचे ग्राउंड एकाच बिंदूवर जोडा. जोरकस आघाताला प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर कारण बहुधा इथेच सापडते. भाद्रपदात वीज जाते, म्हणून कंट्रोलरला छोटा बॅटरी बॅकअप ठेवा, आणि दोन्ही हातांना अशी स्प्रिंग लावा की वीज गेली तर हात वर उचलले जातील, घुमटावर पडणार नाहीत. लाल थांबा-बटण रोबोच्या पाठीमागे नको, बाजूला, मोठ्या माणसाच्या हाताशी ठेवा. मखराभोवती मुले असतातच. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा साध्या स्क्रूंना एका पावसाळ्यात गंज चढवते. स्टेनलेस वापरा, सर्किटवर संरक्षक लेप द्या. भाग थ्रीडी प्रिंटरवर छापताना पीएलए प्लास्टिक टाळा, बंद गाडीत उन्हात ते वाकते. पीईटीजी घ्या.

सर्वात जास्त त्रास देणार आहे ती दमट हवा. कातडे ओलसर झाले की सैलावते, स्वर उतरतो आणि उसळी मंदावते. म्हणजे जुलैत कोरड्या खोलीत केलेली मोजणी चवथीच्या संध्याकाळी खोटी ठरते. वादक घुमट उन्हात किंवा विस्तवाजवळ ऊब देऊन घेतात, तुम्हीही वाजवण्याआधी ते करा. दिव्याने ऊब देत असाल तर ती हाताला सहन होईल इतकीच, त्याहून जास्त दिली तर कातडे फाटते. रोबोला स्वतःची तपासणीही शिकवा: वीस मोकळे आघात, मुख्य स्वर आणि उसळीचा वेळ मोजायचा. स्वर ठरलेल्यापेक्षा थोडाच उतरला असेल तर बोट परत उचलण्याची आज्ञा काही मिलिसेकंद उशिरा द्यायची आणि उशिराचा तक्ता त्याप्रमाणे हलवायचा. बराच उतरला असेल तर वाजवायला नकार द्यायचा आणि इशाऱ्याचा दिवा लावायचा, म्हणजे घुमट शेकायची वेळ झाली हे तुम्हाला कळेल.

पैशांची विभागणी मी अशी करेन: निम्मे उजव्या हाताच्या दोन मोटारी, त्यांचे ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय यांवर. पाचवा हिस्सा डावा तळवा आणि मानेवर, तेवढाच सांगाड्यावर, आणि उरलेला दहावा हिस्सा घुमटे, कातडी आणि मोडतोडीसाठी राखून. वेळेचे म्हणाल तर पहिला महिना फक्त लाकडी फळीवर बसवलेले एक बोट आणि एक घुमट. ते बोट तुमच्या वादकाला डोळे मिटून ऐकवा. आवाज पटला तरच दुसरा गट. दुसरा महिना तळव्याचा, पूर्ण. तिसऱ्यात दोन्ही हात एकत्र आणि उशिराची मोजणी, चौथ्यात कांसाळ्याबरोबर सराव, आणि धड, चेहरा, कपडे पाचव्यात. चेहरा आधी करण्याचा मोह फार होईल, विशेषतः फोटो मागितले जातील तेव्हा. तोवर फळीवरच्या बोटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा.